दुसरा खाली आहे

ज्येष्ठातला मंगळवार म्हणजे लखनौत ‘बडा मंगल’. गल्लोगल्ली मारुतीच्या नावाने मांडव, पुरी-सब्जीच्या कढया, सरबताची पिंपं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रहाने जेवू घालणारी माणसं. निम्मं आयुष्य या शहरात काढल्यावर मला त्याची ही रीत आपलीच वाटते. त्या मंगळवारी मात्र मलिहाबादच्या रस्त्यावरचे मांडववाले माश्या मारत बसले होते. गर्दी त्यांच्या पुऱ्यांना ओलांडून खदानीकडे पळत होती.

खदान म्हणजे आंब्याच्या बागांमधला एक अवाढव्य खड्डा. शहराभोवतीच्या नव्या रस्त्यासाठी तिथली माती आणि तिच्याखालची वाळू ट्रक भरभरून गेली, रस्ता झाला, खड्डा उरला आणि त्यात पाणी साठलं. त्या पाण्याच्या काठाने, दशहरीच्या फांद्यांवर चढून, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून माणसं उभी होती. आणि कर्ण्यातून बाबांचा पट्टशिष्य रामसजीवन ओरडत होता.

“भक्तों, पूरे जेठ में आसमान से एक बूँद गिरी? नहीं गिरी! नल सूखा, नाला सूखा, पड़ोसी की आँख का पानी सूखा! और यहाँ जल-माँ चढ़ रही हैं, सीढ़ी-सीढ़ी चढ़ रही हैं! साइंस वाले बताएँ, पानी आया कहाँ से?”

साइंसवाल्यांपैकी एक मी तिथेच उभी होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी पदर डोक्यावर ओढला आणि उन्हाला नावं ठेवत राहिले.

पाणी चढत होतं हे खरंच होतं. होळीच्या सुमारास भक्त जिथे बसून पाय धूत होते, त्या पायऱ्या आता दिसतही नव्हत्या. अशा पाण्यात जलप्राण बाबा उतरले. कमरेला दगडांची माळ, हातात लोखंडी साखळी, डोळे मिटलेले. साखळी धरून ते हळूहळू आत गेले, जटा बुडाल्या, आणि थोड्या वेळाने पाण्यावर बुडबुडे येऊ लागले. “बाबा के प्राण निकल रहे हैं!” रामसजीवनने आरोळी ठोकली. त्यातला अपशकुन कोणाच्या ध्यानात आला नाही. बायका घागरी घेऊन बुडबुड्यांचं पाणी भरायला धावल्या.

आरतीमागून आरती झाली, भजनकऱ्यांचे घसे बसले, तरी बुडबुडे चालूच. एवढा वेळ माणूस पाण्याखाली जगत नाही, आणि बाबा तर दर मंगळवारी जगून वर येत. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर आले. त्यांचा डावा गाल उडत होता, ओठ आपोआप फडफडत होते, आणि कुठे पाहावं ते डोळ्यांना कळत नव्हतं. “माँ का आवेश!” रामसजीवन ओरडला, म्हणजे देवी अंगात आली, आणि गर्दी जमिनीवर लोटांगण घालू लागली.

पहिल्या रांगेत, खास मांडलेल्या सोफ्यावर माझे यजमान बसले होते. त्यांच्या डोक्यावर त्यांचाच भलामोठा फोटो टांगला होता, आणि खाली लिहिलं होतं: ‘वरिष्ठ वैज्ञानिक डॉ. पंरीनाथ पाटसकर भी नतमस्तक’. नावातला ‘ढ’ छापणाऱ्याने गाळला होता. मी मनात म्हटलं, काही हरकत नाही, तो माणसात उतरला आहे.

आज हसते आहे, पण तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पंढरीनाथांनी उभा जन्म इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या अभ्यासात घालवला. पुराव्याशिवाय ते वाक्य बोलत नसत. भाजीवाल्याने “मीठा है” म्हटलं तरी “किस आधार पर?” असं विचारत. असा माणूस बाबांच्या सोफ्यावर कसा जाऊन बसला, तर दम्यामुळे. आणि खरं सांगायचं तर दम्यापेक्षाही पंपामुळे.

निवृत्तीनंतर त्यांचा दमा वाढला. डॉक्टरांनी रोज ओढायचा पंप दिला. तो ते नियमाने घेत, पण न्हाणीघरात, दार लावून. चारचौघांत पंप तोंडाला लावणं म्हणजे आपण संपलो असं जाहीर करणं, अशी त्यांची समजूत. एकदा हज़रतगंजात भर बाजारात धाप लागली, तर पंप काढण्याऐवजी एका कपड्यांच्या दुकानाच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. इतकी लाज. मग जुन्या ऑफिसातल्या कोणीतरी बाबांचं नाव सांगितलं.

खदानीच्या काठी ‘प्राणकुटी’ नावाची झोपडी होती. तिथे तांब्याच्या कलशात पाणी बुडबुडत असे. कलशातून निघालेली भगव्या कापडात गुंडाळलेली नळी नाकाशी धरायची आणि जल-माँचा प्राण आत घ्यायचा. पंढरीनाथांनी तो घेतला आणि त्यांच्या तोंडावर रंग आला. सहा महिन्यांत मी तो पाहिला नव्हता. मी शेजारीच बसले होते. रामसजीवनने विझत आलेली उदबत्ती त्या नळीसमोर धरली, तर तिचा निखारा लखकन फुलला आणि ज्योत उठली. “देखिए, प्राण ने अग्नि को भी जिला दिया,” तो म्हणाला.

आणि मी हात जोडले.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. दरवर्षी आठवीच्या वर्गात हाच प्रयोग मी मुलांना करून दाखवते. परीक्षानळीत विझत आलेली काडी धरायची, ती भडकून पेटली की आत कोणता वायू आहे ते विचारायचं. चाळीस पोरं एका सुरात उत्तर देतात. मी मात्र त्या झोपडीत, नवऱ्याचा उजळलेला चेहरा बघत, हात जोडून बसले. एकदा जोडलेले हात सोडवणं कठीण जातं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे पंढरीनाथांनी पंप बंद केला. रात्रीचा खोकला वाढला तर म्हणत, जुना विकार बाहेर पडतो आहे. आणि एका मंगळवारी त्यांनी माइकवरून जाहीर केलं की, चौथ्या बड्या मंगळाला आपण स्वतः बाबांबरोबर पाण्यात उतरणार, तळाशी बसणार, आणि विज्ञानाच्या वतीने या चमत्काराची परीक्षा करणार. टाळ्यांनी खदान दणाणली. त्यानंतर दम्याच्या मुलांची तळाशी जायची पाळी, असं रामसजीवनने जोडून टाकलं. सर्वांत पुढे बसलेल्या एका बाईने आपल्या मुलीला, शिवांगीला, छातीशी धरलं. त्या पोरीच्या छातीतली शिट्टी मला माझ्या जागेवरून ऐकू येत होती.

मी मुलीला फोन केला. आमची देविका मालवणच्या किनाऱ्यावर लोकांना सिलिंडर बांधून समुद्राखाली नेते. लखनौत वाढल्यामुळे तिला मराठी कळते, पण उत्तर हिंदीतून येतं. मालवणातही तिने हे व्रत मोडलेलं नाही. मी म्हटलं, “देविका, बाबा पाण्यात उतरणार आहेत.”

“उतरने दो ना आई. एक दिन डूबेगा तो अपने आप धंधा बंद होगा.”

“अगं, ते बाबा नाहीत. आपले बाबा.”

तिने फोन ठेवला आणि तिकीट काढलं. पावसाळा तोंडावर असल्याने तिकडचं काम बंद व्हायचंच होतं. ती दोन दिवसांत लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरली.

घरात आल्या आल्या बापलेकीची जुंपली. पंढरीनाथ म्हणाले, “तू रोज समुद्राच्या तळाशी जातेस ते धाडस, आणि मी एकदा खदानीत गेलो तर अंधश्रद्धा?” देविका म्हणाली, “मैं जाती हूँ तो मुझे पता होता है कि साँस कहाँ से आ रही है. आपको पता है?” त्यावर ते म्हणाले, तेच शोधायला तर चाललो आहे. या उत्तरात तथ्य होतं म्हणून ती आणखीच चिडली. माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, आपने कुछ नहीं कहा?” मी भाजी ढवळत राहिले.

त्याच सुमारास माझ्या नणंदबाई, वसुधावन्सं, कऱ्हाडहून आंब्यांच्या निमित्ताने आल्या होत्या. त्यांना हिंदीचा गंध नाही, आणि तो नाही हे त्यांना मान्य नाही. तिसऱ्या मंगळवारी आम्ही सगळेच खदानीवर गेलो. देविकाने बाबांचा कार्यक्रम चालवणाऱ्या समितीच्या लोकांना विचारलं, मी पाण्यात उतरून बघू का? स्त्रीच्या स्पर्शाने जल अपवित्र होईल, असं उत्तर मिळालं. मग ती काठावर उकिडवी बसून नुसते बुडबुडे बघत राहिली. वन्सं ऊन सोसेना म्हणून प्राणकुटीच्या मागच्या सावलीत जाऊन बसल्या.

परतताना गाडीत वन्सं अस्वस्थ होत्या. शेवटी म्हणाल्या, “विभा, त्या बाबाबरोबर आणखी दोघं जण पाण्यात बसलेत की गं.”

मी विचारलं, “कोणी सांगितलं?”

“तो कर्णेवाला कुटीमागे फोनवर बोलत होता. मी कानांनी ऐकलं. ‘एक चल रहा है, दूसरा खाली है, जल्दी भेजो.’ एक चाललाय, दुसरा खाली आहे. वरून आणखी एक मागवत होता. कोणाची पोरं बुडवतोय मेला?”

देविका हसत सुटली. “आत्या, हिंदी में खाली मतलब नीचे नहीं होता. रिकामा. दूसरा रिकामा है, ऐसा बोला वो.” वन्संनी, असं कसं, खाली म्हणजे खाली, असा वाद घातला. देविकाचं हसू मात्र मध्येच थांबलं. पुढे बसलेल्या पंढरीनाथांना ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्या कानाशी लागून मराठीत बोलली. तिच्या तोंडून मराठी ऐकून मी चपापले.

“आई, रिकामं काय होतं? जे आधी भरलेलं असतं तेच ना?”

मला कुटीतली उदबत्ती आठवली. भगव्या कापडात गुंडाळलेली नळी आठवली. हॉस्पिटलात रुग्णाच्या उशाशी प्राणवायूची नळी अशीच पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत येते, हेही आठवलं. घरी पोचल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून मी देविकाला सगळं सांगितलं, हात जोडल्यासकट. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, “मुझे नीचे जाना पड़ेगा.”

शहरातल्या एका तरणतलावावर शिकवणारा अभिराम तिचा शाळासोबती. हवाई दलातल्या पाटलांचा मुलगा. त्याच्याकडून तिने हवेचं सिलिंडर आणलं. बुधवारी पहाटे खदानीवर कुत्रंही नसतं. अभिराम दोर धरून काठावर बसला, देविका मुखवटा लावून पाण्यात गेली, आणि मी उगाच बसून राहण्यापेक्षा म्हणून शेजारच्या बांधावर चढले.

बांधापलीकडे दुसरी खदान होती. तिथे उत्खनन चालू होतं तेव्हा पाणी उपसणारी इंजिनं रात्रंदिवस धडधडत, त्यांचा आवाज मलिहाबादच्या वळणापर्यंत येई. आता तिथे चिटपाखरू नव्हतं. काम संपलं होतं, इंजिनं उचलून नेली होती, आणि त्याही खड्ड्यात पाणी भरलं होतं. दोन्ही पाण्यांची पातळी अगदी एक. खालून एकच वाळू, तिच्यात एकच भूजल. एकीकडचा उपसा चालू होता तोवर दोन्हीकडे पाण्याची पातळी खाली होती, उपसा थांबला तशी जमीन आपलं पाणी परत घेत होती. खालून जोडलेल्या दोन भांड्यांत पाणी सारखं राहतं, हे मी सातवीला शिकवते. बाबांच्या नावावरचा चमत्कार बांधापलीकडे उघडा पडला होता. त्या बांधावर चढून बघावं, असं हजारो माणसांतल्या एकालाही सुचलं नव्हतं. मीही त्यांतलीच.

देविका वर आली ती घाईघाईने मुखवटा काढत. तिने सांगितलं ते असं. तळाशी एक मोठं प्लास्टिकचं पिंप उपडं घालून साखळ्यांनी दगडांना जखडलेलं आहे. बाहेरून काळा रंग, म्हणजे गढुळात दिसायला नको. शेजारी सिलिंडर, त्याची नळी पिंपाच्या आत. बाबा साखळीने खाली जातात, लोखंडी स्टुलावर बसतात, आणि पिंपाच्या पोकळीत डोकं घालून आरामात श्वास घेतात. जादा वायू पिंपाच्या कडेने बाहेर सुटतो, तेच ते बुडबुडे.

इथवर तिला गंमतच वाटत होती. मग ती गंभीर झाली. “आई, उस सिलिंडर की गर्दन सफ़ेद है.”

पांढऱ्या मानेचं सिलिंडर म्हणजे हॉस्पिटलचा शुद्ध प्राणवायू. पाण्याखाली जाणारे लोक साधी हवा नेतात, प्राणवायू नाही, कारण वर जितकं पाणी तितका दाब, आणि दाबाखाली शुद्ध प्राणवायू विषासारखा चढतो. उथळ पाण्यात निभावून जातं. होळीच्या वेळी त्या पिंपावर जेमतेम अडीच पुरुष पाणी होतं. आता सहा पुरुष झालं होतं. पिंप जागच्या जागी, सिलिंडर तेच, बाबाही तेच. पाणी तेवढं वाढलं होतं. आधी गाल आणि ओठ उडतात, मग अचानक आकडी येते. आकडी आलेला माणूस पिंपातून घसरला की पाण्यात श्वास घेतो.

“आवेश,” मी म्हटलं.

“हाँ. वही आवेश.”

तिने तळाशी छोट्या कॅमेऱ्याने चित्रण केलं होतं. घरी जाऊन ते पंढरीनाथांसमोर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकदाही “किस आधार पर” म्हणाले नाहीत. गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. खोकल्याने त्यांची पाठ हलत होती. वन्संनी पाणी नेऊन दिलं तेही त्यांनी मान न वळवता घेतलं.

संध्याकाळी म्हणाले, “मंगळवारी तब्येत बरी नाही असं कळवू. हळूहळू जाणं बंद करू. झालं ते झालं.”

मला त्यांची दया आली, आणि त्यांच्याहून जास्त स्वतःची. झाकली मूठ ठेवायची सोय मलाही हवीच होती. पण शिवांगीच्या छातीतली शिट्टी कानातून जाईना. मी म्हटलं, “तुमच्या जागी पाण्यात कोण जाईल?” ते उठून आत जायला निघाले. मी म्हटलं, “त्या बाईने पोरीला पुढे बसवलंय ते बाबांकडे बघून नाही. तुमच्या फोटोकडे बघून बसवलंय.” आणि फोटोतल्या माणसाच्या मागे हात जोडून मी बसले होते.

आम्ही आधी बाबांनाच सावध करायला गेलो. शत्रूलाही आकडी येऊ नये, असं देविकाचं म्हणणं. कॅमेऱ्याचं नाव काढताच बाबांची दिव्य वाणी बंद झाली आणि साधी व्यापाऱ्याची भाषा सुरू झाली. सीझन है, मॅडम, चार महीने का काम है, आप अपना रास्ता देखिए. प्राणवायू आणि विष? यावर रामसजीवन इतका हसला की त्याला ठसका लागला. पोलीस चौकीत सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि मंगळवारी बंदोबस्ताला येतोच आहोत म्हणाले.

चौथा बडा मंगल उजाडला. गर्दी पूर्वीच्या दुप्पट, कारण आज वैज्ञानिक पाण्यात उतरणार होता. पंढरीनाथ माइकपाशी गेले. त्यांच्या गळ्यात कोणीतरी हार घातला, तो त्यांनी काढून हातात धरला. ते म्हणाले, “मैं नीचे नहीं जाऊँगा. कोई न जाए. नीचे ड्रम है और अस्पताल का सिलिंडर है. मैंने बिना जाँचे आप सबको यहाँ बुलाया, मैं शर्मिंदा हूँ.” एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

गर्दीत कुजबुज उठली. कोणी म्हणालं, घाबरला. कोणी म्हणालं, विकला गेला. रामसजीवनने माइक हिसकावला, आणि बाबा तावातावाने उठले. त्यांना आता जाणं भागच होतं. साखळी धरून ते उतरले, बुडबुडे आले, जयजयकार झाला. देविका झाडाआड सगळी तयारी करून बसली होती. भजन रंगात आलं, आणि बुडबुडे एकाएकी फसफसून उसळले. तळातला गाळ वर आला. मग काहीच येईना.

देविकाने उडी मारली. साडी नेसलेल्या बायका किंचाळल्या, औरत, औरत. ती बाबांना घेऊन वर आली तेव्हा त्यांचे हातपाय आखडून झटके देत होते, तोंड निळं पडलं होतं. ते पाहून क्षणभर मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. अभिरामने त्यांना आडवं घालून तोंडाने श्वास दिला, पोलिसांनी रुग्णवाहिका बोलावली, आणि पाणी ओकून बाबा जगले.

तोवर रामसजीवनने कर्ण्यातून सुरू केलं होतं: स्त्रीने जल बाटवलं, माँ रूठ गई. लोक देविकाकडे सरकू लागले. एकाच्या हातात वीट होती. पंढरीनाथ धापा टाकत तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ज़ंजीर खींचो. देवी होगी तो देवी ऊपर आएगी.” देवी बाहेर यावी या भाबड्या आशेने चारदोन जणांनी साखळीला हात घातला, मग पंधरा-वीस जणांनी. काळं पिंप डचमळत वर आलं, आणि दोरीला बांधलेलं पांढऱ्या मानेचं सिलिंडर.

मग मी पुढे झाले. हे काम मी फार आधी करायला हवं होतं. पुरीवाल्यांच्या मांडवातली बादली मागवली, सरबताचा पेला घेतला, त्याच्या तळाशी माझा रुमाल कोंबला आणि पेला उपडा करून सरळ पाण्यात दाबला. बाहेर काढला तर रुमाल कोरडा. तो मी लोकांच्या हातात दिला, त्यांनी दाबून बघितला. मग पिंपाकडे बोट केलं. पुढे काही सांगावं लागलं नाही. उदबत्ती पेटवून फुंकली आणि सिलिंडरच्या नळीसमोर धरली, ज्योत उठली. कुटीत जे देवीचं होतं ते इथे भर उन्हात, मातीच्या ढिगावर घडलं. शेवटी गर्दीतल्या पोरांना बांधावर नेलं आणि पलीकडचं पाणी दाखवलं. मोठी माणसं मागोमाग आलीच.

रामसजीवन कधी गेला ते कोणाला कळलं नाही.

वीटवाल्याने वीट खाली टाकली. लोक पांगू लागले, कोणी कोणाकडे न बघता. शिवांगीची आई मात्र पंढरीनाथांसमोर येऊन उभी राहिली. ती रागावलेली नव्हती, नुसती विचारत होती. “साहब, आप तो पढ़े-लिखे हैं. आप ही आगे बैठे थे. तो हम क्या समझते?”

पंढरीनाथांनी हातातला हार कुठे ठेवावा ते न कळून तो खिशात कोंबला. मग म्हणाले, “कल सुबह अस्पताल चलिए. मुझे भी वहीं जाना है.”

दुसऱ्या दिवशी छातीच्या विकारांच्या ओपीडीत रांग बाहेरच्या लिंबापर्यंत होती. पंढरीनाथ तिच्यात उभे राहिले, त्यांच्या मागे शिवांगी आणि तिची आई, आणि खदानीवर पाहिलेले आणखी काही चेहरे. ओळख दाखवून आत घुसता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी छाती तपासली, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, “पंप कब से बंद है? किसके कहने पर बंद किया?”

दार उघडंच होतं. बाबांचं नाव सांगून मोकळं होणं सोपं होतं, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“किसी के कहने पर नहीं,” पंढरीनाथ रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. “पढ़ा-लिखा आदमी हूँ. किसी से पूछा ही नहीं.”

मला सांगायचं आहे ते यापेक्षा वेगळं नाही. विचारा. पाणी चढलं तर कुठून चढलं ते विचारा, निखारा फुलला तर कशाने फुलला ते विचारा. विचारायची लाज वाटली तरी विचारा. समोर बाबा असो, बाई असो, की पहिल्या रांगेत बसलेला कोणी डॉक्टर असो, त्याच्याकडे बघून गप्प बसू नका. विचारल्याने कोणाचा देव बाटत नाही. न विचारल्याने माणूस बुडतो, आणि आमचा थोडक्यात वाचला.